रअशा, कंपवात, पार्किन्सन : थरथरत्या हातांचा इतिहास

उर्दूत एक शब्द आहे, रअशा. अर्थ थरथर, कंप. आपल्या घरांत तो आजही ऐकू येतो. "दादाजान को रअशा हो गया" असं कुणी म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथंच संपतो. मराठीत म्हणतात, "वय झालं, हातपाय कापतात." आमच्या मानोऱ्यात तर बऱ्याचदा त्याला सरसकट "लकवा" म्हणून टाकतात. या सगळ्या शब्दांच्या मागं अनेकदा एक वेगळा आजार लपलेला असतो. त्याचं आजचं नाव पार्किन्सन. या आजाराला नाव कसं मिळालं, औषध कसं मिळालं आणि त्या प्रवासात आपल्या देशाचा, आपल्या मुंबईचा आणि एका मुस्लिम हकीमाच्या संस्थेचा वाटा काय होता, ते या लेखात सांगायचं आहे. कारण इतिहास माहीत नसला की आजाराला आपण नशीब समजतो, आणि नशीब समजलं की उपचार थांबतात.

जुने ग्रंथ काय सांगतात

हात थरथरणं माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. चरकसंहितेत वातविकारांची जी यादी आहे, तिच्यात "वेपथु" हा शब्द येतो. वेपथु म्हणजे कंप. पुढं माधवनिदानात अंग आणि डोकं थरथरण्याला हेच नाव दिलेलं आहे. नंतरच्या वैद्यांनी "कंपवात" हा शब्द रूढ केला आणि आज मराठीत तोच चालतो.

आपल्याकडच्या हकीमांची परंपरा युनानी. तिचा मोठा आधार म्हणजे इब्न सीना (९८० ते १०३७) आणि त्याचा "अल-कानून फित्-तिब". मेंदू आणि मज्जातंतूंच्या विकारांबरोबर त्यात रअशाचाही विचार केलेला आहे. त्याच्या आधी ग्रीक वैद्य जालिनूस, म्हणजे गेलन, याने कंपावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे आपल्या दोन्ही परंपरांना, वैद्यांच्या आणि हकीमांच्या, थरथर हे लक्षण ठाऊक होतं.

पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लक्षण ठाऊक असणं वेगळं आणि आजार वेगळा ओळखणं वेगळं. हात अनेक कारणांनी कापतो. भीतीनं कापतो, थायरॉइडनं कापतो, दारूनं कापतो, काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या कापतो. जुन्या ग्रंथांतला प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन होता, असं म्हणणं बरोबर नाही. "आमच्याकडं हे सगळं आधीच लिहून ठेवलं आहे" असं म्हणण्याची सवय सगळ्याच समाजांना आहे, आपल्यालाही आहे. पूर्वजांचा आदर राखायचा तर त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच त्यांच्या नावावर लिहावं.

लंडनमधला एक डॉक्टर

हा आजार स्वतंत्रपणे मांडला तो जेम्स पार्किन्सन याने. लंडनच्या हॉक्स्टन भागात त्याचा दवाखाना होता. ११ एप्रिल १७५५ हा त्याचा जन्मदिवस. म्हणूनच ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन. माणूस मोठा विलक्षण होता. गोरगरिबांना मताचा अधिकार मिळावा म्हणून "ओल्ड ह्यूबर्ट" या टोपणनावानं तो पत्रकं काढायचा. १७९४ मध्ये राजाच्या हत्येच्या कटाचं एक प्रकरण गाजलं, त्यात त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढं जबाब द्यावा लागला. जीवाश्मांवर त्यानं तीन खंड लिहिले आणि १८०७ मध्ये लंडनची भूवैज्ञानिक संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता.

१८१७ मध्ये त्यानं थरथरत्या लकव्यावर एक छोटं पुस्तक छापलं. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत. त्यांतले काही त्याच्या दवाखान्यातलेही नव्हते. रस्त्यात चालताना दिसले, त्यानं त्यांना थांबवून विचारपूस केली. एकाला तर त्यानं लांबूनच पाहिलं. सहाच माणसं, पण नजर इतकी बारीक की आजार पकडला गेला. हात काम करत नसताना, मांडीवर स्वस्थ पडलेला असताना थरथरतो. अंग पुढं झुकतं. पावलं लहान आणि घाईची होतात, जणू माणूस स्वतःच्या तोलामागं धावतो आहे. हळूहळू जेवण, लिहिणं, कूस बदलणं सगळं अवघड होतं.

त्याच्या हयातीत या पुस्तकाकडं फार कुणी लक्ष दिलं नाही. १८२४ मध्ये तो वारला. पुढं पॅरिसच्या शार्को या नामवंत डॉक्टरनं हा आजार नव्यानं तपासला आणि सांगितलं की "थरथरता लकवा" हे नाव चुकीचं आहे. यात लकवा नसतो, ताकद बरीचशी शिल्लक असते. आणि काही रुग्णांत थरथरही नसते, नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. म्हणून त्यानं पार्किन्सनचं नाव या आजाराला दिलं. ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. आणि आम्ही आजही गावात "लकवा" म्हणतो. लकवा म्हटलं की लोक झाडपाला आणि मालिशवाल्याचा पत्ता शोधतात. नाव चुकलं की वाटही चुकते.

अक्षर लहान होत जातं

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. म्हणून या आजाराचं एक लक्षण मला विशेष जवळचं वाटतं: अक्षर लहान होत जाणं. ओळीच्या सुरुवातीला अक्षर ठीक असतं आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होतं. देवनागरीत ते उजवीकडं आक्रसतं, उर्दूत डावीकडं.

जर्मन विद्वान विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा मोठा भाषाशास्त्रज्ञ; संस्कृतचा अभ्यासक, भगवद्गीतेवर बर्लिनच्या अकादमीत त्यानं व्याख्यानं दिली होती. १८३५ मध्ये तो वारला. अखेरच्या वर्षांत त्यानं आपल्या पत्रांत स्वतःच्या थरथरीचं आणि लहान होत जाणाऱ्या अक्षराचं वर्णन केलं आहे. त्याला वाटायचं हे फक्त म्हातारपण आहे, जरा लवकर आलेलं. आजचे डॉक्टर ती वर्णनं वाचून म्हणतात, हा पार्किन्सन होता. एवढा बुद्धिमान माणूस, तरी "वय झालं" हेच त्याचं उत्तर होतं. तेव्हा मानोऱ्यातल्या एखाद्या शेतकऱ्यानं तसं म्हटलं तर त्याला अडाणी म्हणायचं कारण नाही.

शाळेतल्या जुन्या दप्तरात मी एका निवृत्त उस्तादांच्या सह्या पाहिल्या आहेत. आधीच्या वर्षांतली सही ऐसपैस, नस्तालीकची वळणं सांभाळणारी. शेवटच्या वर्षांतली सही रकान्याच्या कोपऱ्यात बसेल एवढी. त्यांना काय होतं हे मला सांगता येणार नाही, सहीवरून कुणी निदान करू नये. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं अक्षर असं बदलताना दिसलं तर डॉक्टरला दाखवावं, एवढं नक्की सांगता येईल.

सर्पगंधा : हकीम, डॉक्टर आणि ससे

आता या इतिहासातला तो भाग, जो आपल्याकडं फार कमी सांगितला जातो.

दिल्लीचे हकीम अजमल खान हे नाव वाचकांना ठाऊक असेल. १९२१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, जामिया मिल्लियाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं केलं. १९२१ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. वैद्यक आणि हिकमत एकाच छताखाली शिकवणारी ही संस्था. जुन्या औषधांची नव्या रसायनशास्त्रानं तपासणी व्हावी, ही हकीमसाहेबांची इच्छा. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले, पण काम थांबलं नाही. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला हकीमसाहेबांच्या आठवणीत नाव दिलं, अजमलीन. युनानीत या वनस्पतीला असरोल म्हणतात.

सर्पगंधेची पुढची गोष्ट मुंबईत घडते. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या पारशी डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन अनुभव गोळा केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटनच्या हृदयरोगावरील नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं झालं: रेसर्पीन. ते रक्तदाबासाठी आणि मानसिक आजारांसाठी जगभर वापरलं जाऊ लागलं. पण एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रेसर्पीन घेणारे काही रुग्ण पार्किन्सनच्या रुग्णांसारखे मंद आणि ताठर व्हायचे. औषध थांबवलं की सुधारायचे.

का? याचं उत्तर स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी शोधलं. त्यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा नावाचं द्रव्य टोचलं. थोड्याच वेळात ससे उठून हालचाल करू लागले. हा १९५७ मधला प्रयोग. त्यातून आणि त्यानंतरच्या कामातून कळलं की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, हालचालींसाठी ते लागतं, आणि लेव्होडोपापासून शरीर ते तयार करतं. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. व्हिएन्नाच्या होर्निकिएविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासून दाखवलं की त्यांच्यात डोपामीन फारच कमी झालेलं असतं. १९६१ मध्ये बिर्कमायर या डॉक्टरांबरोबर त्यांनी रुग्णांना लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली, आणि अंथरुणावर खिळलेली माणसं उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत औषध देण्याची पद्धत बसवली. १९७० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

पन्नास वर्षं उलटली, तरी पार्किन्सनचं मुख्य औषध आजही तेच आहे. त्याच्या जोडीला कार्बिडोपा देतात, म्हणजे मळमळ कमी होते आणि औषध मेंदूपर्यंत जास्त पोचतं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही जोडगोळी आहे.

खाजकुहिली : धुऱ्यावरची शेंग

दुसरी वनस्पती तर आमच्या ओळखीचीच. शेताच्या धुऱ्यावर, कुंपणाच्या काटेरी झुडपांवर पावसाळ्यानंतर लवदार शेंगा लटकतात. हात लागला की अंगाची आग आणि खाज. शाळेतली पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात आणि मग मास्तरांकडं तक्रार येते. ही खाजकुहिली. संस्कृतात आत्मगुप्ता, कपिकच्छू. हकीमांच्या भाषेत कौंच. आयुर्वेदात तिचं बी वातशामक आणि बल्य मानलेलं, युनानीत ताकदीच्या माजूनांत पडणारं.

१९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन शास्त्रज्ञांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळं करून दाखवलं. म्हणजे कार्लसनच्या सशांच्या २० वर्षं आधी ते द्रव्य भारतातल्या प्रयोगशाळेत हाती आलेलं होतं. पण त्याचा उपयोग काय, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध होतं, पण आजाराचं कारण कळलेलं नव्हतं.

नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी हा धागा पुन्हा उचलला. डॉ. अशोक वैद्य, न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना कौंचाच्या बियांचं चूर्ण देऊन काय फरक पडला, ते प्रसिद्ध केलं. पुढं १९९५ मध्ये ६० रुग्णांवरच्या अभ्यासाचा अहवाल आला आणि मुंबईच्या झंडू कंपनीनं त्याचं प्रमाणित चूर्ण बाजारात आणलं.

हे वाचून कुणी धुऱ्यावरच्या शेंगा वाळवून वडिलांना देऊ नयेत. बियांतलं लेव्होडोपाचं प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के असतं, पण प्रत्येक बी सारखं नसतं. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊन रक्तदाब एकदम उतरणं, भास होणं, अंग वेडंवाकडं हलणं असे त्रास होऊ शकतात. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज सर्पगंधेनंच खोटा ठरवला आहे.

मुंबईच्या पारशी वसाहतींतली मोजणी

हा आजार भारतात किती आहे? "गोऱ्यांचा आजार, आपल्याकडं कमी" असा बराच काळ समज होता. १९८८ मध्ये डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतल्या १४,०१० लोकांची घरोघर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत पार्किन्सनचे ४६ रुग्ण निघाले. म्हणजे १ लाखामागं सुमारे ३२८. ही संख्या युरोपच्या तोडीची, किंबहुना जास्त होती. काश्मीरच्या ग्रामीण भागातल्या एका पाहणीत मात्र १ लाखामागं साधारण १४ रुग्ण आढळले होते.

एवढा फरक का? एक मोठं कारण वय. पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण फार मोठं. हा आजार प्रामुख्यानं साठीनंतर दिसतो, त्यामुळं जिथं म्हातारी माणसं जास्त तिथं रुग्ण जास्त. दुसरं कारण असं असू शकतं की जिथं डॉक्टर दारी जातात तिथं आजार सापडतो, आणि जिथं कुणी विचारतच नाही तिथं तो "वय झालं" या दोन शब्दांत गडप होतो.

पारशी समाज आयुष्यमानात जिथं चार दशकांपूर्वी होता, तिकडं आता सगळेच समाज निघाले आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीवरचे १० कोटी ३८ लाख लोक होते, आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळपास एक. जगात पार्किन्सनचे रुग्ण १९९० मध्ये अंदाजे २५ लाख होते, २०१६ मध्ये ६१ लाख झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साठी ८५ लाखांवरचा अंदाज दिला. २०५० पर्यंत हा आकडा अडीच कोटींवर जाईल असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. पारशी वसाहतींतली ती मोजणी आपल्या उद्याचं चित्र होती.

फवारणीचा प्रश्न

वय हे एकच कारण नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे थिजले. भेसळीच्या अमली द्रव्यात एमपीटीपी नावाचं विष निघालं, आणि त्यानं मेंदूच्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या ज्या पार्किन्सनमध्ये मरतात. शरीरात या विषाचं जे रूप तयार होतं, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. तेव्हापासून कीटकनाशकं आणि पार्किन्सन यांच्या संबंधावर खूप अभ्यास झाले. पॅराक्वाट आणि रोटेनोन यांच्या संपर्कात काम केलेल्यांना धोका जास्त दिसतो, असं त्यांतले अनेक सांगतात. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे.

आमचा मुलूख कापूस, तूर आणि सोयाबीनचा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, तेव्हा देशभर चर्चा झाली. ते लगेच मारणारं विष होतं. हळू काम करणारं विष कुणी मोजतं का? पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल, अशी वीस-तीस वर्षं फवारणी केलेला मजूर साठीला आला की त्याचे हात कापतात की नाही, हे कुणी विचारत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात घरोघर पाहणी व्हायला हवी. निदान हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी तरी शुक्रवारच्या बयानात आणि ग्रामसभेत दोन्हीकडं सांगायला काय हरकत आहे?

घर, मशीद आणि पुढची वाट

मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये, ४२ व्या वर्षी, हा आजार असल्याचं निदान झालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये थरथरत्या हातानं त्यांनी ज्योत पेटवली आणि सगळ्या जगानं पाहिलं. २०१६ मध्ये ते गेले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी या आजाराबरोबर काढला आणि तो लपवला नाही. आपल्याकडं मात्र लपवण्याकडं कल आहे. जमातीत हात कापतो, लोक बघतात, म्हणून बुजुर्ग पहिल्या सफातून मागं सरकतात आणि मग मशिदीत येणंच सोडतात. दावतीत घास सांडतो म्हणून दावत टाळतात. चेहऱ्यावरचे भाव गोठतात, तर घरचे म्हणतात, "आजकाल रागातच असतात." आवाज बारीक होतो, तर कुणी लक्ष देत नाही. काही घरांत सावली, नजर, जादूटोणा यांच्यामागं धावण्यात वर्षं जातात. दुआ जरूर करावी, पण दवा करणं हीही आपल्या नबींचीच शिकवण आहे.

बायकांचं दुखणं तर आणखी उशिरा कळतं. दादीच्या हातून कप पडला तर "नीट धरत नाही" म्हणून बोलणं. पुरुष बाहेर फिरतो, त्याची चाल कुणाच्या तरी डोळ्यांत येते. घरात वावरणाऱ्या बाईची चाल कोण पाहणार? आणि घरात रुग्ण पुरुष असो की बाई, उठवणं, भरवणं, गुसलखान्यात नेणं हे सगळं बहुतेक वेळा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतं. मुलगे पुण्या-मुंबईला किंवा खाडीच्या देशांत. आईबापांची खिदमत हा जन्नतचा रस्ता म्हणतो, तर त्या रस्त्यावर एकट्या सुनेनंच का चालावं?

नमाजचं काय? ज्याला उभं राहता येत नाही त्यानं बसून, बसता येत नाही त्यानं आडवं होऊन, इशाऱ्यानं नमाज अदा करावी, ही सवलत हदीसमध्ये स्पष्ट आहे. मशिदीत दोन खुर्च्या, वजूच्या जागी एक दांडा, न घसरणारी फरशी, एवढ्यानं एखादा बुजुर्ग परत येऊ शकतो. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जमिनीवर आडव्या रेषा असल्या तर त्या ओलांडत पाऊल सुटतं, असं डॉक्टर सांगतात. मशिदीत सफांच्या रेषा तर असतातच.

रमजानमध्ये विशेष जपायला हवं. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी, दिवसातून अनेकदा घ्यावी लागते आणि ती एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननंच दिली आहे. बरं न होणाऱ्या आजारात फिद्या आहे. डॉक्टर आणि आलिम, दोघांना विचारून ठरवावं, पण गोळी मनानं सोडू नये. आणखी एक लक्षात ठेवायचं: गोश्त, अंडी, डाळ यांतली प्रथिनं या गोळीच्या आड येतात. म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात.

काही औषधांमुळंही पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. चक्कर थांबवण्यासाठी महिनोन्महिने चालणारं सिनॅरिझीन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, ही त्यांतली. अशा रुग्णांत औषध बदललं की लक्षणं बहुधा ओसरतात. म्हणून डॉक्टरकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

लवकरची लक्षणंही माहीत हवीत: वास न येणं (अत्तर लावलेलं स्वतःलाच कळत नाही), जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, एक हात चालताना न हलणं, लहान झालेलं अक्षर. यांतलं एखादं असलं म्हणजे पार्किन्सनच असं नाही. दोन-तीन एकत्र दिसली तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं.

अडचण अशी की न्यूरॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत. मानोऱ्याहून अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठायचं म्हणजे गाडीभाडं, एका माणसाची बुडालेली मजुरी आणि तोल जाणाऱ्या माणसाला एसटीत चढवणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथं मेंदूविकारांचा बाह्यरुग्ण विभाग नियमित चालावा, अशी मागणी सगळ्या समाजांनी मिळून करायला हवी.

हक्काच्या गोष्टीही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत पार्किन्सनचं नाव आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या अनेक योजनांचं दार उघडतं. वयाची ७० पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. मात्र रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही, आणि या आजारात खरा खर्च तोच असतो. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था रुग्णांना एकत्र आणतात, व्यायाम शिकवतात, घरच्यांशी बोलतात. नियमित व्यायामाचा फायदा या आजारात चांगला दिसून आला आहे. मानोऱ्यात आठवड्यातून एकदा मशिदीच्या किंवा मंदिराच्या सभागृहात दहा-बारा बुजुर्ग जमले, टाळीच्या ठेक्यावर चालले, मोठ्यानं वाचन केलं, तर त्याला काही खर्च नाही.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण १८१७ मध्ये तर नावही नव्हतं. हॉक्स्टनचा एक डॉक्टर, दिल्लीचे एक हकीम, मुंबईचे एक पारशी डॉक्टर, मद्रासचे दोन शास्त्रज्ञ, स्वीडनचा एक संशोधक: वेगवेगळ्या धर्मांच्या, देशांच्या माणसांनी एकेक पाऊल टाकलं म्हणून आज गोळी आहे. पुढचं पाऊल आपल्या घरातलं आहे. येत्या आठवड्यात आपल्या घरातल्या बुजुर्गांना एक ओळ लिहायला सांगा, दहा पावलं चालायला सांगा, आणि शेजारी बसून नीट बघा. "वय झालं" असं म्हणण्याआधी एवढं तरी आपण करू शकतो.